हेगच्या निकालात भेटलेला सरंजाम

एलएलबीच्या पहिल्या वर्षी ‘कायद्याचे स्रोत’ हा धडा मी घोकून पाठ केला होता. देशातले स्रोत म्हणजे संविधान, अधिनियम, पूर्वनिर्णय, रूढी. आंतरराष्ट्रीय कायद्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं कलम ३८. पण एखादं प्रकरण समोर आलं की पेन अडायचं. नव्याने प्रवेश घेतलेल्यांना म्हणून सांगते, यादीच्या आधी एक निकाल वाचा: पोर्तुगाल विरुद्ध भारत, १२ एप्रिल १९६०. वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करा. तहाला ‘त’, रूढीला ‘रू’.

दमण आणि दादरा-नगर हवेली तेव्हा पोर्तुगालकडे; पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर मधे भारताची हद्द. १९५४ साली भारताने ही ये-जा थांबवली आणि पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. त्यांचा एक मोठा आधार होता १७७९चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५च्या मराठा सनदा. हे वाचताना मी सरसावून बसले. पेशवाईतले कागद, आणि थेट हेगमध्ये! मराठ्यांनी पोर्तुगीजांना दादरा-नगर हवेलीतल्या गावांचं सार्वभौमत्व दिलं की नुसता महसूल, हा वाद. न्यायालय म्हणालं, जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलापुरताच हक्क. समासात ‘त’ पडला, पण त्यातून वाटेचा हक्क काही निघाला नाही.

मग ‘रू’. सव्वाशेहून अधिक वर्षं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल विनाअडथळा जात-येत होते. दोनच देशांमध्ये रूढी कशी होईल, हा भारताचा आक्षेप न्यायालयाने मानला नाही. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं मात्र परवानगी घेऊन जात. जिथे परवानगी मागावी लागते तिथे हक्क कसला? इथे मला पहिल्यांदा कळलं की वहिवाट कितीही जुनी असली तरी ती हक्क म्हणून चालत आली का, हे पाहावं लागतं. आणि रूढीचा हक्क मान्य होऊनही भारताने त्याचा भंग केलेला नाही, असाच निकाल लागला.

देशातल्या कायद्यात नवखे हमखास एका जागी चुकतात. भारताने करार केला की तो आपोआप इथला कायदा होतो, असं ते लिहितात. नागरिकांचे हक्क किंवा देशातला कायदा बदलायचा असेल तर संसदेला कायदा करावा लागतो. संसदेला हा अधिकार देणारा संविधानाचा अनुच्छेद २५३ तोंडपाठच ठेवा. कायद्यात पोकळी असेल तर न्यायालय कराराचा आधार घेऊ शकतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसंच केलं. त्याविरुद्धचा कायदा नंतर, २०१३ साली आला.

पुढचा सराव गोव्याचा. पोर्तुगीज गेल्यावरही तिथे कुटुंब आणि वारसा यांना १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू राहिली. समासात काय लिहाल, लिस्बन की दिल्ली? स्वतः ठरवा आणि मगच सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल उघडा. तिथे उत्तर दिल्ली आहे: १९६२च्या अधिनियमाने संसदेने ती चालू ठेवली, म्हणून ती भारतीय कायदाच.