मदरबोर्ड बदलताना विंडोजचं लायसन्स नव्या मशीनवर कसं न्यावं

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात वीज येते-जाते, आणि त्यात एखादा मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) उडतो. बेळगावात नवा बोर्ड बसवून आणला की मशीन सुरू होतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं. विंडोज मशीनची ओळख मुख्यतः बोर्डावरून ठेवतं, म्हणून असं होतं. रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. पुढची पहिली तीन कामं मात्र जुना बोर्ड जिवंत असतानाच करता येतात, म्हणून ती आजच उरका.

१. लायसन्स कुठल्या प्रकारचं ते पाहा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्यावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून ‘डीएलआय’ अशी इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. पत्रिका छापणाऱ्यांच्या मशीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड असतात. आधी विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. काही सेकंदांत एक चौकट उघडते. तिच्यात यांपैकी एक शब्द दिसेल:

- रिटेल: वेगळं विकत घेतलेलं. नव्या मशीनवर नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर चालतं.
- ओईएम: मशीनसोबत आलेलं. त्याच मशीनपुरतं असतं. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलून दिला असेल तर त्यांच्याच सर्व्हिस सेंटरला विचारा.
- व्हॉल्यूम: कंपनी किंवा संस्थेच्या नावाचं. पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसांतून निघालेल्या सेकंडहँड मशीनवर पुष्कळदा हेच असतं. केएमएस पद्धतीचं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट होणारं असेल, तर कंपनीच्या नेटवर्कपासून तुटल्यावर १८० दिवसांत त्याचं ॲक्टिव्हेशन संपतं. ते तुमचं नाहीच, त्यामुळे नेण्याचा प्रश्न येत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलेलं मशीनही ‘रिटेल’ दाखवतं. चौकटीत प्रॉडक्ट कीची, म्हणजे लायसन्सच्या २५ अक्षरी क्रमांकाची, शेवटची पाच अक्षरं असतात. ती ‘३व्ही६६टी’ (प्रो) किंवा ‘८एचव्हीएक्स७’ (होम) असतील तर ती सर्वसाधारण की आहे, तुमची स्वतःची नव्हे. मूळ विंडोज मशीनसोबत आलं होतं का, ते जुन्या बिलावरून ठरवा; तसं असेल तर ते ओईएमच समजा.

२. मायक्रोसॉफ्ट खातं जोडा. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे ‘लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं दिसायला हवं. खातं कुणाच्या मेलवर आहे तेही तपासा. दुकानदाराने सोयीसाठी स्वतःचा मेल टाकला असेल, तर लायसन्स त्याच्या खात्याला जोडलेलं राहतं आणि बोर्ड बदलल्यावर तुम्हाला त्याच्याकडे फेऱ्या माराव्या लागतात.

३. बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, की लिहून ठेवा. ही पायरी चुकवू नका. डिस्क अशी कुलूपबंद (एनक्रिप्ट) असेल तर नवा बोर्ड तिला ओळखत नाही आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर हिशोब, फोटो, सगळंच कायमचं अडकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली की कागदावर उतरवून घ्या.

४. नव्या बोर्डावर. आधी तारीख आणि वेळ बघा. नव्या बोर्डाचं घड्याळ मागे असलं तर ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी जोडणीच होत नाही. विंडोज नव्याने टाकत असाल तर आवृत्ती जुनीच ठेवा: होमचं लायसन्स प्रोवर चालत नाही. मग त्याच खात्याने साइन इन करून ॲक्टिव्हेशनमधला ‘ट्रबलशूट’ उघडा, ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ निवडा आणि यादीतून जुनं मशीन ओळखा. यादीत ‘डेस्कटॉप’ आणि पुढे निरर्थक अक्षरं अशी चार नावं असली की गोंधळ होतो, म्हणून मशीनला आधीच स्वतःचं नाव देऊन ठेवा.

स्वतःची २५ अक्षरांची रिटेल की असेल तर ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये ती टाका. ‘०एक्ससी००४सी००८’ असा एरर आला तर की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. जुनं मशीन अजून चालत असेल तर त्यावर ‘एसएलएमजीआर’ला पहिल्या पायरीसारखंच स्लॅशसह ‘यूपीके’ आणि मग ‘सीपीकेवाय’ लावून की काढा. तिथून की काढली तरी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला ते कळत नाही, म्हणून एरर तसाच राहिला तर ग्राहक सेवेकडे जा आणि बिल हाताशी ठेवा.