मरे नदीवर पॅडलबोटीचा मुक्कामी प्रवास: बुकिंगआधी काय बघावं

पॅडलबोट म्हणजे फळ्यांच्या मोठ्या चाकानं पाणी मागे ढकलत जाणारी बोट. तिच्या नावाआधीची दोन अक्षरं आधी बघा. पीएस म्हणजे पॅडल स्टीमर, खरं वाफेचं इंजिन. पीव्ही म्हणजे पॅडल व्हेसल: चाक आहे, पण ते बहुधा डिझेलवर फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर दोन्ही मिळतात. ॲडलेडहून साधारण सव्वा तासावरच्या मॅनमहून सुटणारी पीव्ही मरे प्रिन्सेस मोठी, शंभरावर प्रवाशांची. व्हिक्टोरिया राज्यातल्या इचुका गावची पीएस एमिलू लहान, पण तिचं इंजिन १९०६ सालचं आणि भट्टीत अजून लाकूडच जळतं. सोयी हव्या असतील तर पहिली, इंजिनापाशी रेंगाळायचं असेल तर दुसरी.

केबिन चाकाच्या जागेवरून ठरवा. मरे प्रिन्सेसचं चाक मागच्या टोकाला आहे, तेव्हा पुढची केबिन मागा. एमिलूची चाकं दोन्ही बाजूंना, म्हणून तिथे मधला भाग टाळा. चाकाची एकेक फळी पाण्यावर आपटते तशी जमीन थरथरते. दुपारी डेकवर ती धपधप गोड वाटते, पहाटे उशीखाली नाही. रात्री बोट सहसा काठाला बांधतात, चाक थांबतं, पण जनरेटर चालू असू शकतो. तो कुठे आहे तेही फोनवरच विचारून घ्या.

मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस बरे. डिसेंबर-जानेवारीत तिथे कडक उन्हाळा, पारा चाळिशी ओलांडतो.

केबिनमध्ये जागा बेताचीच. चाकांची कडक बॅग उघडायला जमीन उरत नाही, पलंगाखाली सरकेल अशी मऊ बॅग न्या. लाकडावरच्या बोटीत धुराड्याचा धूर वाऱ्याने येतो त्या बाजूला पांढरा शर्ट घालून बसू नका. काजळीचा कण पडलाच तर हाताने झटकू नका, काळा पट्टा उमटतो. फुंकर मारून उडवा.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. नुसतं ‘व्हेज’ लिहिलं तर ताटात अंडं येऊ शकतं. ‘अंडं नको, मासे नकोत’ असं स्पष्ट लिहा. घरचे लाडू, लोणचं नेणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर नोंदवा. न सांगता सापडलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर डबा जातो.

विमान उतरलं त्याच दिवशीची बोट धरू नका, एक रात्र शहरात काढा. नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची आणि वर दोन दिवसांची जास्त न्या. वाटेत औषधाचं दुकान मिळेलच असं नाही.

बोटीचा वेग इतका की काठावरचा सायकलवाला सहज पुढे जाईल. मॅनम ते ब्लँचटाउन या पट्ट्यातले पिवळे-केशरी कडे सूर्य खाली असतानाच रंगतात, तेव्हा चहाचा कप घेऊन नाश्त्याआधीच डेकवर या. आणि काठावर उतरायला जुने बूट वेगळे ठेवा: फळी तिरकी असते, खाली बहुतेकदा चिखल.