ईएसजी गुणांच्या पलीकडे: कंपनीच्या अहवालातला पाण्याचा हिशोब कसा तपासावा

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे मराठवाड्यातील गुंतवणूकदाराने पर्यावरण, समाज आणि सुशासन, म्हणजेच ईएसजी, या निकषांवर शेअर पारखताना पाण्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

मानांकन संस्थांनी दिलेले ईएसजी गुण आधी बाजूला ठेवावेत. पूर्वीच्या संशोधनाचा भर असे निकष पाळल्याने नफा वाढतो का, या प्रश्नावर होता. अलीकडे मोजमापच कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासले जाऊ लागले आहे. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा संस्थांच्या गुणांमधील सहसंबंध (पूर्ण एकमत असल्यास १) सरासरी अवघा ०.५४ आढळला, आणि या तफावतीचे सर्वांत मोठे कारण एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने मोजणे हे निघाले.

म्हणून मूळ कागद वाचावा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल बंधनकारक केला असून तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यातील पर्यावरणाविषयीच्या सहाव्या तत्त्वाखालचा पाण्याचा तक्ता उघडावा आणि उलाढालीच्या प्रमाणात दाखवलेल्या वापरावर न थांबता एकूण आकडा पाहावा. समजा, उलाढाल १०० कोटींवरून १५० कोटींवर गेली आणि पाण्याचा वापर ५०,००० किलोलीटरवरून ६०,००० वर पोहोचला, तर दर कोटीमागचा वापर ५०० वरून ४०० किलोलीटरवर उतरतो आणि अहवालात सुधारणा दिसते. प्रत्यक्षात मात्र दहा हजार लीटरचे १,००० टँकर भरतील एवढे पाणी जास्त लागलेले असते.

त्यानंतर स्रोतांच्या ओळी वाचाव्यात. भूजलाचा आकडा कमी आणि ‘त्रयस्थ पक्षाकडून घेतलेले पाणी’ जास्त असेल, तर तेथे थांबावे, कारण एमआयडीसीच्या नळाचे आणि खासगी टँकरचे पाणी या एकाच ओळीत येऊ शकते. पाणीटंचाईच्या क्षेत्रातील कारखान्यांची माहिती देणे ऐच्छिक आहे. जालना किंवा वाळूजला कारखाना असूनही तो रकाना रिकामा असेल, तर त्याची नोंद करून ठेवावी. कंत्राटी कामगारांची संख्या आणि अपघातांचे प्रमाणही याच अहवालात मिळते.

एवढे टिपण झाले की वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत दिलेल्या रीतीने सभेत बोलू इच्छिणारा भागधारक म्हणून नाव नोंदवावे आणि एकच प्रश्न विचारावा: टँकरचे पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून येते?