कमी बजेटचं होम थिएटर: स्पीकर आणि सबवूफर

खोक्यावरचे हजारो वॅटचे पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) आकडे विसरा, आरएमएस (सलग देता येणारी ताकद) बघा. त्याहून कामाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते: ८७ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो.

पैसे कमी पडले तर मागचे स्पीकर नंतर घ्या, पण सेंटरवर, म्हणजे पडद्याजवळच्या मधल्या स्पीकरवर, काटकसर नको. बहुतेक संवाद तिथूनच येतात. तो डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला असावा, नाहीतर गाडी पडद्यावरून जाताना मध्येच आवाजाचा पोत बदलतो.

दहा बाय बाराच्या हॉलला ८ किंवा १० इंची सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) पुरतो. जागा ठरवायला तो तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासवालं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या. बास न घुमता स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात तो जोरात वाजतो, पण बरेचदा घुमतो.

रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब मात्र पूर्ण वर, नाहीतर बास दोनदा गाळला जातो. तरी पोकळ वाटलं तर आधी लाल-काळी वायर कुठे उलटी लागली का ते तपासा, मग सबवूफरवरचा फेज (त्याच्या आवाजाच्या लाटा बाकी स्पीकरांशी जुळवणारा स्विच) ०वरून १८० करून बघा.