मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानात जाताना पहिल्या दीड महिन्याची तयारी

दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत जातो, तेव्हा त्याला पहिले काही आठवडे आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्वरण, संवेग आणि जडत्व त्याने नववीतच शिकलेले असते. फळ्यावर मात्र आता अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम आणि इनर्शिया लिहिलेले असतात. विषय न समजणे आणि भाषा न समजणे यांतला फरक त्या वयात सहज लक्षात येत नाही, त्यामुळे दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलेही स्वतःला कच्ची समजू लागतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीचा काळ नवीन धडे पुढे रेटण्यात न घालवता या भाषांतरासाठी राखून ठेवावा.

त्यासाठी वर्ग सुरू होण्याची वाट पाहू नये. दहावीच्या निकालानंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशफेऱ्या बराच काळ चालतात. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली आहे. महाविद्यालय कोणते मिळणार हे ठरलेले नसले, तरी पुस्तके कोणती असणार हे ठरलेले असते, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात.

मात्र अकरावीचे पुस्तक लगेच उघडू नका. आधी नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकाची मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही माध्यमांची आवृत्ती घ्या. दोन्हींत आशय तोच आणि धड्यांचा क्रमही तोच असल्याने, तुम्हाला आधीच समजलेली गोष्ट इंग्रजीत कशी मांडली जाते हे ओळीओळीने पाहता येते. ‘गतीचे नियम’, ‘कार्य आणि ऊर्जा’, ‘द्रव्याचे मोजमाप’ आणि ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हे चार धडे पुरेसे आहेत. मराठीतला परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, मग त्याच जागेचा इंग्रजी परिच्छेद वाचून त्याचा अर्थ मोठ्याने मराठीत सांगावा. रोज एक तास दिला तर दोन-अडीच आठवड्यांत हे काम होते. त्यानंतर दहावीचा ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा याच पद्धतीने केल्यास अकरावीच्या भौतिकशास्त्राचा मोठा भाग ओळखीचा वाटू लागतो. सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ही पायरी गाळता येईल.

वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल की पारिभाषिक शब्द फारसे अडवत नाहीत, कारण ते ठळक छापलेले असतात आणि त्यांची व्याख्याही दिलेली असते. अडवतात ते साधे दिसणारे शब्द. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे ‘अनुक्रमे’ हे माहीत नसेल, तर कोणती किंमत कोणत्या राशीची हेच कळत नाही आणि संपूर्ण उदाहरण चुकते. ‘निग्लिजिबल’ म्हणजे ‘नगण्य’, म्हणून ती राशी सोडून द्यायची. ‘प्रोव्हायडेड’ हा शब्द वाक्याच्या मध्ये आला की पुढे अट आहे असे समजायचे. काही शब्द विषय बदलला की अर्थ बदलतात. ‘सोल्यूशन’ रसायनशास्त्रात द्रावण असते, तर गणितात उकल; ‘बेस’ एकीकडे आम्लारी आणि दुसरीकडे त्रिकोणाचा पाया. अशा शब्दांसाठी वेगळी वही करावी, त्यात इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि पुस्तकातले एक पूर्ण वाक्य लिहावे. दिवसाला दहापेक्षा जास्त शब्द घेऊ नयेत. नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नसेल, तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयोगी पडतात.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. इंग्रजी जड जाते म्हणून अनेक विद्यार्थी यूट्यूबवरील हिंदी व्याख्यानांकडे वळतात. त्यात गैर काही नाही, पण हिंदीतली आणि मराठीतली परिभाषा एक नाही. मराठीत अणू म्हणजे अ‍ॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र अ‍ॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूललाच अणु म्हणतात. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, तर हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ अल्कली असा होतो आणि सॉल्टला लवण म्हणतात. मोल संकल्पना शिकत असताना हा घोळ झाला, तर तो निस्तरायला फार वेळ लागतो. म्हणून वहीत मराठी शब्दाची जोडी थेट इंग्रजी शब्दाशीच लावावी.

दुसरी तयारी गणिताची आहे, आणि ती अभ्यासक्रमाच्या क्रमाने करून चालत नाही. सध्याच्या पाठ्यपुस्तकांत डिफरन्सिएशन (विकलन) हा गणिताच्या दुसऱ्या भागातला अगदी शेवटचा धडा आहे, पण भौतिकशास्त्राला ते दुसऱ्याच धड्यात, व्हेक्टरसोबत (सदिश) लागते. लॉगरिदमचेही (गुणाकार बेरजेने करण्याची पद्धत) तसेच: गणितात ते दुसऱ्या भागातल्या फंक्शन्सच्या धड्यात येते, तर भौतिक आणि रसायनातली आकडेमोड पहिल्या महिन्यापासून त्यावर अवलंबून असते, कारण बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉग टेबल वापरणे हे हातचे कसब आहे. ते नियम पाठ करून येत नाही. उदाहरणार्थ, ४.८ गुणिले ३१.५ करायचे असल्यास ४.८ चा लॉग ०.६८१२ आणि ३१.५ चा १.४९८३ मिळतो, त्यांची बेरीज २.१७९५ येते, आणि .१७९५ चा अँटिलॉग (लॉगवरून मूळ संख्या) पाहून दशांशचिन्ह योग्य जागी दिले की उत्तर १५१.२ येते. उत्तराचा तोंडी अंदाज आधी घ्यावा: पाच गुणिले तीस म्हणजे दीडशे, तेव्हा १५.१२ किंवा १५१२ आल्यास दशांशचिन्ह चुकले आहे. अशी पाच उदाहरणे रोज, आठ-दहा दिवस सोडवावीत. दहावीची त्रिकोणमितीय सूत्रे आणि घातांकांचे नियमही याच काळात पुन्हा लिहून काढावेत.

खासगी क्लास लावावा की नाही, हा प्रश्न घरोघरी याच वेळी येतो. माझे मत असे आहे की भाषेची ही तयारी होण्याआधी लावलेल्या क्लासचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथला वेग आणखी जास्त असतो आणि शंका विचारायला संधी कमी मिळते. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष हा समजही खरा नाही. अभियांत्रिकी व औषधनिर्माणाच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतूनही निवडता येते, परंतु दोन भाषांतील मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो, हे वैद्यकीयकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

वर्ग सुरू झाल्यावर शंका मराठीत विचारायला संकोचू नका. उत्तर मात्र वहीत इंग्रजीत लिहा. वाचून समजलेले डेरिव्हेशन (सूत्र पायरीपायरीने काढणे) स्वतः लिहायला घेतले की वाक्ये जुळत नाहीत, म्हणून आठवड्याला निदान दोन डेरिव्हेशन पुस्तक मिटून लिहावीत. प्रयोगाचे जर्नल त्याच दिवशी पूर्ण करावे. त्यातली ठरावीक छोटी वाक्ये हा शास्त्रीय इंग्रजीचा सर्वांत सोपा सराव असतो.

पहिल्या घटक चाचणीत गुण कमी पडले, तर तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि प्रत्येक चुकीपुढे एक खूण करा: प्रश्नच कळला नव्हता, उत्तर येत होते पण लिहिता आले नाही, आकडेमोड चुकली, की संकल्पनाच माहीत नव्हती. पहिल्या दोन खुणा जास्त असतील तर शब्दांची वही आणि लेखन वाढवा, तिसरी जास्त असेल तर लॉग टेबल पुन्हा हातात घ्या, आणि चौथी जास्त असेल तरच तो धडा शिक्षकांकडून पुन्हा समजून घ्या.