मायणी-येरळवाडीच्या उथळ पाण्यासाठी होडीचा तळ निवडताना

खटाव तालुक्यातल्या मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी या तलावांवर पाणी लांबून भरपूर दिसतं, पण होडी घालायला गेलं की ती बसते. वरून बाभळीची खोडं, पाणकणीस आणि काळा गाळ. बदकंही नेमकी तिथेच असतात, कारण थापट्या आणि तलवार बदकाला चारा उथळातच मिळतो. तेव्हा होडी घेताना ती खोल पाण्यात कशी पळते ते बघू नका, जिथे अडकणार तिथे कशी निघते ते बघा. (बदकं टिपायची ती कॅमेऱ्याने किंवा मोजणीच्या वहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे, आणि पाण्यात होडी घालण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.)

होडी किती बुडते हे तळाच्या क्षेत्रफळावर ठरतं. साडेबारा फूट लांब आणि चार फूट रुंद सपाट तळ म्हणजे पन्नास चौरस फूट. एवढा तळ एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ४६ किलो वजन लागतं. होडी ७० किलो, दोन माणसं १४०, सामान ३० असे २४० किलो धरले तर होडी सव्वापाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच बुडते. पुढचं टोक वर वळवलेलं असल्याने टेकणारा तळ थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात तीन इंच धरा. तेवढ्याच लांबी-रुंदीच्या, पण मध्याला पाच इंच खोल व्ही असलेल्या तळावर तेच वजन ठेवलं तर हिशेबाने होडी दोनऐवजी साडेचार इंच बुडते. गाळाच्या तलावात या अडीच इंचांनी दिवस वाया जातो.

गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) पुराच्या पाण्यात माणसं पार करते त्याचंही कारण हेच. आठ फूट व्यासाच्या काहिलीचं क्षेत्रफळ पन्नास चौरस फुटांच्या आसपासच भरतं. पण ती जागच्या जागी गरगरते, काठ ठेंगणे, आणि पत्रा बुडला की वर येत नाही. पक्षी बघायला ती नकोच.

मग सपाट तळाचे तोटे? दोन आहेत. वारा आला की होडी आडवी सरकते, आणि लाट आली की तळ आपटतो. पहिल्यावर उपाय सोपा: तळाखाली लांबीच्या दिशेने सागवानाच्या एक इंच उंचीच्या दोन पट्ट्या बसवा. होडी सरळ चालते आणि दगडावर घासलं तर आधी पट्टी झिजते, तळ वाचतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या. साधे लोखंडी गंजले की त्याच भोकातून पाणी शिरतं. दुसऱ्या तोट्यावर उपाय नाही. कोयनेच्या शिवसागरात किंवा धोमला, जिथे वारा लांबवर लाटा उठवतो, तिथे व्ही तळच घ्यावा. एकच होडी दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट धरला तर ती दोन्हीकडे अर्धवटच चालते.

तळाची रुंदी चार फुटांपेक्षा कमी घेऊ नका. उभं राहून बांबूने तळ रेटत होडी ढकलायची असते. सपाट होडी बराच वेळ हलत नाही, पण काठ पाण्याला टेकला की झटक्यात उलटते. म्हणून काठ १६ ते १८ इंच उंच हवा आणि भरल्यावरही किमान १२ इंच पाण्याबाहेर राहिला पाहिजे. आत उंच बाक ठेवू नका, तळापासून आठ इंचांवर पाट पुरे.

आता साहित्य. रबरी हवेच्या होडीला वेडी बाभूळ एका काट्यात संपवते. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि टिकाऊ, पण वल्हं आपटलं की ढोल वाजतो आणि चक्रवाकांचा थवा उठतो. आतून फोमची चटई अंथरा. फायबर दुरुस्तीला सोपं, खोडावर तडा गेला तर मॅट आणि रेझिनने गावातच बुजवता येतं. घरी बांधायची असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लायवूड: तळाला ९ मिलिमीटर, बाजूंना ६. साधं प्लाय दोन पावसाळ्यांत पदर सोडतं.

फायबर आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्याने भरलं की बुडतं, प्लायवूड तरंगतं. म्हणून धातूच्या किंवा फायबरच्या होडीत दोन्ही टोकांच्या पाटाखाली २० लिटरचे झाकण घट्ट असलेले सहा कॅन पक्के बांधा. एकेक कॅन साधारण १९ किलो उचल देतो. लाइफ जॅकेट तरीही अंगावर हवंच.

मोटर घेण्याआधी विचार करा. पंखा फूट-दीड फूट खाली जातो, म्हणजे होडी तीन इंचांत तरंगली तरी उपयोग नाही, शिवाय जलपर्णी गुंडाळते. उथळात बारा फुटी बांबूच खरा. मात्र नुसता बांबू गाळात रुततो आणि ओढताना माणूस मागे, होडी पुढे! टोकाला सहा इंच पसरलेलं लाकडी बेचकं बांधा.

विकत घेताना अशी तपासणी करा. गुडघाभर पाण्यात होडी घाला, २० लिटरचे पाण्याने भरलेले कॅन आत ठेवा. आठ कॅन म्हणजे १६० किलो, दोन माणसं आणि थोडं सामान. आता पुढे, मध्यावर आणि मागे होडी किती बुडली ते टेपने मोजा. मागे जास्त बुडली तर मागची फळी अरुंद आहे किंवा वजन मागे झुकलं आहे. कॅन पुढे सरकवूनही सुधारणा झाली नाही तर ती होडी घेऊ नका. मग रिकामी होडी उलटी करा आणि तळावर पुढून मागे दोरी ताणा. टोकाकडचा वळलेला भाग सोडता दोरी आणि तळ यांत मध्ये पोकळी दिसली तर तळ आत बसलेला आहे, आणि तिथे चिखल धरून राहतो. विकणारा म्हणेल, "चालतंय की." चालत नाही.

रंग मळकट हिरवा किंवा मातीचा, चकाकी नसलेला लावा. जवळ जाताना बदकांनी माना वर केल्या की बांबू थांबवा, त्यापुढे थवा उडणारच.