हेडलाइटवर फिल्म: घाई नको, कात्री तर मुळीच नको

हेडलाइटच्या पुढच्या भागाला आपण काच म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर ऊन अडवणारा पातळ थर असतो. तो झिजला की काच पिवळी पडते, खडीचे ओरखडे उठतात. फिल्म लावायची ती हा थर वाचवायला. रंगाची हौस त्यानंतर.

म्हणून हेडलाइटवर मी पारदर्शक फिल्मच लावतो. एकदा एका बाजूला काळपट स्मोक लावली, दुसरी बाजू उघडी ठेवली आणि रात्री गाडी भिंतीसमोर उभी केली. उजेडातला फरक पाहिला आणि ती फिल्म त्याच रात्री काढून टाकली. अनेक ठिकाणी ती कायद्यातही बसत नाही. पिवळा रंग हवाच असेल तर फॉग लाइटवर, तोही तिथले नियम पाहून.

विनाइल स्वस्त पडतं, पण फुगीर हेडलाइटवर टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) या लवचिक प्लास्टिकची फिल्म घ्या. ते जास्त ताणलं जातं आणि जाडही असल्याने खडीचा मार सोसतं.

काच आधीच पिवळी असेल तर तशीच झाकू नका, पिवळेपणा आत कायमचा राहील. ओला पॉलिश पेपर 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा फिरवा आणि पॉलिश करा. घासताना मूळ थरही निघतो, त्यामुळे त्यानंतर फिल्म लावायलाच हवी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशचा तेलकटपणा राहिला की कडा सुटतात.

जागा सावलीची आणि बिनधुळीची हवी. पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब टाकून काच, फिल्मची चिकट बाजू आणि स्वतःची बोटं, सगळं भिजवा. फिल्म चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवा. ओढायला पकड लागते.

आता खरं काम. मध्यभागी फिल्म टेकवा, स्क्वीजीने, म्हणजे पाणी ढकलायच्या पट्टीने, मधून कडेकडे पाणी काढा. सपाट भाग सहज बसतो, कोपऱ्यात सुरकुत्या जमतात. तिथे हात थांबवा. स्क्वीजी जोरात दाबली तर सुरकुतीची घडी पडते आणि ती जात नाही. फिल्म कोपऱ्यापर्यंत उचला, पुन्हा पाणी मारा, हेअर ड्रायरने कोमट करा आणि सुरकुतीच्या दिशेतच हळू ओढा. फिल्म मऊ झाली की बोटांना कळतं. मला एका कोपऱ्याला पाच-सहा वेळा उचलावं लागतं, आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा. एका जागी उष्णता धरून ठेवू नका, फिल्म पातळ होऊन धुरकट दिसते.

कापताना कात्रीने कड वेडीवाकडी येते. नवं पातं घ्या, ते काचेवर न टेकवता हेडलाइट आणि बॉनेट-बंपर यांच्यातल्या फटीतून फिरवा. रंगावर ओरखडा उठणार नाही इतकाच दाब. उरलेली कड कोमट करून आत दाबा.

फॉग लाइट लहान असल्याने काम पटकन होतं, पण हॅलोजन बल्ब अनेकदा 55 वॅटचा असतो आणि काच चांगलीच तापते. आधी अर्धा तास दिवे चालू ठेवून हात जवळ नेऊन पाहा. चटका बसण्याइतकं गरम होत असेल तर तिथे फिल्म लावू नका. एलईडीला पुढून फारशी उष्णता नसते.

दोन दिवस गाडी धुऊ नका. आत राहिलेले पाण्याचे बारीक ठिपके काही दिवसांत आपोआप सुकतात, सुईने टोचू नका. मात्र कडेजवळचा हवेचा बुडबुडा राहिला तर तो त्याच दिवशी कोमट करून बाहेर ढकला, उद्यावर ठेवला तर तिथूनच धूळ आत शिरते.